याकूबभाईंचा राहिलेला दिवा

घोटावड्याच्या बाजारातलं याकूब मुलाणी यांचं दुकान आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद होतं. दारात वाळूने भरलेली एक बादली असायची. नवीन माणूस तिच्यात हमखास थुंकायचा किंवा विडी विझवायचा. मग याकूबभाई हातातलं काम खाली ठेवून बाहेर यायचे. "ती थुंकायची न्हाई, आगीची हाय," एवढंच सांगायचे. ओली झालेली वाळू पळीने काढून टाकायचे आणि तेवढीच कोरडी वाळू वरून घालायचे. वाद घालायचे नाहीत.

ते सौर दिवे करायचे. हिंजवडीच्या कंपन्यांतले जुने लॅपटॉप भंगारात निघतात. त्यांच्या बॅटरीत अंगठ्याएवढे जाड सहा-सहा लिथियमचे सेल असतात. बॅटरी गेली म्हणून टाकतात, तेव्हा त्या सहांतले दोन-तीन सेल बहुधा धडधाकट असतात. याकूबभाई भंगारवाल्याकडून त्या बॅटऱ्या आणायचे, उघडायचे, सेल सुटे करून भरायचे, प्रत्येकावर मार्करने व्होल्टचा आकडा लिहायचे आणि फळीवर आठ दिवस ठेवून द्यायचे. आठ दिवसांनी पुन्हा मोजायचे. आकडा उतरला असेल तर तो सेल बाद.

"आठ दिस काई न करता गप बसतो का बघायचं," ते म्हणायचे. "ज्याला गप बसता येत न्हाई, त्याला लोकाच्या घरात पाठवायचा न्हाई."

बांधा किडकिडीत, वय पासष्टच्या पुढे, चष्म्याच्या एका काडीला काळी इन्सुलेशन टेप. सेल भरत असताना ते दर थोड्या वेळाने तो उचलून गालाला लावायचे. बोटांना चटके खाऊन खाऊन समज राहिलेली नाही, गाल अजून खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. सेल कोमट लागला की लगेच सोडवायचे. त्यांच्याकडे 'चार्ज' हा शब्द नव्हता. सेल 'जेवायचा'. पॅनल उन्हात आणि सेल सावलीत, हा नियम ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. "बाप कामावर, लेकरू घरात. लेकराला उन्हात बसवून जेवू घालतं का कुणी?"

गिऱ्हाइकं बहुतेक वरच्या वस्त्यांवरची. वीज तिथेही पोहोचली आहे, पण पावसाळ्यात तार तुटली की दहा-दहा दिवस कुणी फिरकत नाही. तेवढ्या दिवसांचा उजेड याकूबभाई द्यायचे. एक पत्र्याची डबी, तिच्यात सेल आणि दिवा, आणि छपरावर ठेवायला वहीएवढं पॅनल. दिवा बसवायला ते स्वतः जायचे. डबी छपराच्या आत, सावलीत, विटेवर, गवतापासून चार हात लांब. त्यांनी वीट ठेवलेली जागा कुणी बदलायची नाही. कुणी बदललीच, तर पुढच्या खेपेला ते काही न बोलता ती पूर्वीच्या जागी सरकवायचे.

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी कासार आंबोलीला राहायला आलो, तेव्हा एक टॉर्च दुरुस्त करायला त्यांच्याकडे गेलो होतो. मला ते 'पेपरवाले' म्हणायचे. मी त्यांच्याविषयी कधी एक ओळही छापली नाही.

त्यांचा राग मी पाहिला तो एकदाच. बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईंनी मोबाइलची फुगलेली बॅटरी आणली होती. सपाट व्हावी म्हणून ती त्यांनी दोन दिवस पाट्याखाली दाबून ठेवली होती. "बसली बघा बऱ्यापैकी," त्या कौतुकाने म्हणाल्या. याकूबभाईंनी चिमट्याने ती उचलली, बाहेर नेली, बादलीतल्या वाळूत पुरली आणि परत येऊन बसले.

"बाई, ती काय पापड हाय व्हय, दाबून सपाट करायला? जीव गेला आसता तुमचा."

"मग आदी सांगायचं की."

"आता सांगतो. फुगली की हात लावायचा न्हाई. भरायची तर न्हाईच न्हाई. मला बोलवायचं."

"तुमी याल व्हय माज्या घरला?"

"यीन की," ते म्हणाले. आणि पुढे ते खरोखर तीनदा गेले.

आणखी एक प्रसंग लक्षात आहे. लातूरकडचा एक तरुण हिंजवडीत नोकरीला होता आणि शनिवार-रविवार कासार आंबोलीतल्या भाड्याच्या बंगल्यावर यायचा. बागेत लावायला त्याला दहा दिवे हवे होते. दुकानातल्या दिव्याची डबी उघडून त्याने आतल्या नखाएवढ्या निळ्या बोर्डाकडे बोट केलं.

"काका, हा चार्जिंगचा बोर्ड कशाला? पॅनल डायरेक्ट सेलला लावला तरी होतं. मी करून बघितलंय. एकदम मस्त चालू आहे."

"किती दिस झालं?"

"तीन."

"तीन दिस ढग हायेत," याकूबभाई म्हणाले. "बंगल्यावर पाण्याची टाकी हाय न्हवं? तिला बॉलकॉक हाय?"

"आहे की."

"काढून टाका. पाणी तर येतंयच."

तरुण हसला. याकूबभाई हसले नाहीत.

"टाकी भरून व्हायली तर गच्ची धुऊन निघंल. सेल भरून व्हायला तर गच्ची ऱ्हायची न्हाई. ह्याला चार पॉइंट दोन व्होल्टला हात धुवून उठवावं लागतंय. पॅनलला ते कळत न्हाई. ऊन हाय तवर ते वाढतच बसतंय. ह्यो बोर्ड म्हंजी मधी उभा ऱ्हाऊन 'बास' म्हननारा मानूस."

तरुणाने बोर्डासकट दहा दिवे नेले. जाताना म्हणाला, "काका, आमच्या कंपनीत सेफ्टीवर ट्रेनिंग द्यायला या." याकूबभाईंनी ते मनावर घेतलं आणि पुढचे दोन शनिवार धुतलेला सदरा घालून बसले. तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

आता ठिपक्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

दिवा तयार झाला की याकूबभाई तो दुकानापुढच्या कट्ट्यावर मांडायचे. पॅनल उन्हात, डबी फळीखाली सावलीत. मीटरच्या तारा लावून तिथेच बसायचे. आकडा चढत चढत चार पॉइंट दोनपाशी येऊन आपोआप थांबला, बोर्डाने सेलला खरोखर उठवलं, हे डोळ्यांनी पाहिलं की मग पॅनलच्या पाठीवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका द्यायचे. ठिपका आहे म्हणजे याकूबभाईंनी उन्हात बसून पाहिलेलं आहे. वस्त्यांवर लोकांना व्होल्ट कळत नव्हते, ठिपका कळत होता. पावसाळ्यात ऊन नसलं की ठिपका नाही, आणि ठिपका नाही तर दिवा नाही. लोक चिडायचे, तीन-तीन आठवडे खेपा घालायचे. "उनाला माज्याकडं बसवा, मग दिवा न्या," हे त्यांचं उत्तर.

नेलपॉलिश त्यांच्या बायकोची, हमीदाभाभींची. "माजी नखं कोरी आन् ह्यांचे दिवे नटल्यात," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. "निकाहात मला ठिपका दिला आसता, तर खात्री तरी झाली आसती, बघून नेली का न बघता." याकूबभाई मान वर न करता म्हणायचे, "तुमचा आकडा आजून थांबलेला न्हाई." भाभींचं दुपारचं हसणं बाजारात ओळखीचं होतं.

विसरणं कधी सुरू झालं, ते नक्की सांगता येत नाही. एका दुपारी त्यांनी एकच सेल माझ्यासमोर तीनदा मोजला. तिन्ही वेळा तोच आकडा त्याच्यावर लिहिला, एकाखाली एक. आणखी एकदा त्यांनी सोल्डरिंगची तापलेली सळई स्टँडवर न ठेवता वर्तमानपत्रावर ठेवली. मी ती उचलली. ते "हां" म्हणाले. माझं नाव त्यांना कधीच नीट माहीत नव्हतं, त्यामुळे त्या बाजूने काही कळायला मार्ग नव्हता. मी भाभींना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी घरात याहून जास्त पाहिलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनीही मला सांगितलं नव्हतं. दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याच्या लक्षात आलेलं नाही, आणि तोवर ते खरं नाही.

ठकूबाई वरच्या धनगरवस्तीवर राहतात. विधवा, मुलगी लग्न होऊन गेलेली, दोन म्हशी आणि एक रेडकू. याकूबभाईंनी वस्तीवर बसवलेला पहिला दिवा त्यांचा, गोठ्याच्या छपराखाली. तो त्या भर पावसात दुरुस्तीला घेऊन आल्या. बोर्ड जळला होता. याकूबभाईंनी बोर्ड काढला आणि दिवा तरी लागतो का हे पाहायला पॅनलच्या तारा तात्पुरत्या थेट सेलला जोडल्या. दिवा लागला. नवा बोर्ड काढून मेजावर ठेवला. त्यानंतर काय झालं ते कुणी पाहिलेलं नाही. डबी बंद झाली, पॅनलच्या पाठीवर जुन्याशेजारी नवा ठिपका पडला आणि दिवा ठकूबाईंच्या हातात गेला. त्या आठवड्यात ऊन पडलं नव्हतं.

ढग होते तोवर दिवा चालला. सेल दिवसा थोडा भरायचा, संध्याकाळी तेवढा खर्च व्हायचा. मग पाऊस उघडला. ठकूबाई दोन दिवस मुलीकडे गेल्या. दिवा कुणी लावला नाही, सेल भरलेलाच राहिला, आणि वर कडक ऊन. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या परतल्या, तेव्हा गोठ्याच्या छपरातून धूर येत होता. म्हशी शेजारणीने, सगुणाने, चरायला नेल्या होत्या. रेडकू आत दाव्याला होतं. ठकूबाई आत शिरल्या. दाव्याची गाठ ओढून बसली होती. ती सोडवेपर्यंत वरचं पेटतं गवत उजव्या हातावर पडलं. रेडकू वाचलं. हाताची तीन बोटं आखडली ती कायमची. म्हशींची धार आता सगुणा काढते.

याकूबभाई दुसऱ्या दिवशी वर गेले. राखेतून डबी शोधली. फुटलेल्या सेलच्या टोकाला पॅनलची तार तशीच चिकटलेली होती. मध्ये काही नव्हतं. पॅनल छपरावरून घसरून बाहेर पडलं होतं, ते शाबूत होतं. त्यांनी ते उलटं केलं आणि पाठीवरचे दोन ठिपके बराच वेळ पाहिले.

ठकूबाई तालुक्याच्या दवाखान्यातून पट्टी बांधून आल्या होत्या. याकूबभाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"माज्या हातनं झालं, ठकूबाई."

"तुमी काय मुद्दाम केलं का? उठा. च्या घ्या."

"मी ठिपका दिला. ऊन नव्हतं, तरी दिला. मला आठवत न्हाई."

"इसरतं मानूस."

"न्हाई," याकूबभाई म्हणाले. "ह्यात इसरायचं नसतं."

खाली आल्यावर त्यांनी दुकानातले सगळे सेल वाळूच्या बादलीत ठेवले, भंगारवाल्याला बोलावून परत केले आणि दुकान बंद केलं. ठकूबाईंच्या दिव्यासाठी काढलेला नवा बोर्ड मेजावरच सापडला होता. त्यांचा हिशोब सरळ होता. एका दिव्यावर न मोजता ठिपका पडला, याचा अर्थ गेल्या वर्षभरातला कुठलाही ठिपका आता पुरावा नाही. त्यामुळे प्रत्येक दिवा पुन्हा उघडायचा, बोर्ड आहे का पाहायचं, उन्हात बसून आकडा थांबतो का पाहायचं. अशी घरं चाळीसच्या वर होती. मी दुचाकीवरून त्यांना रस्ता संपेपर्यंत न्यायचो, पुढे आम्ही चालत जायचो. मीटर ते लावायचे, आकडा मला मोठ्याने वाचायला लावायचे. त्यांना स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा राहिला नव्हता.

दोन महिन्यांत सगळे दिवे तपासून झाले. एकही वाईट निघाला नाही. चूक एकदाच झाली होती.

पुण्यातल्या डॉक्टरांनी त्याच सुमारास आजाराचं नाव सांगितलं आणि तो पुढेच जाईल, मागे येणार नाही, हेही सांगितलं. भाभींनी ते ऐकलं, पिशवी उचलली आणि विचारलं, "जेवणात काही वर्ज्य हाय का?"

दिव्यांची तपासणी संपल्यावर आठ दिवसांनी याकूबभाई सकाळी आवरून, मीटर पिशवीत घालून माझी वाट पाहत बसले होते. दिवे तपासायचे राहिलेत, म्हणाले. मी सांगितलं, झाले. भाभींनी सांगितलं, झाले. तेव्हा त्यांनी ऐकलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसले. मग भाभींनी युक्ती काढली. प्रत्येक डबीवर कागद चिकटवायचा, त्यावर याकूबभाईंनीच स्वतःच्या हाताने लिहायचं, 'मोजला, बरोबर आहे'. आम्ही पुन्हा एक फेरी केली. कागद चिकटवले. तिसऱ्या फेरीत त्यांनी एका डबीवरचा कागद वाचला आणि मला दाखवला.

"अक्षर माजंच हाय," ते म्हणाले. "पर त्यो ठिपकाबी माजाच होता."

आम्ही पुन्हा डबी उघडली आणि मोजायला बसलो.

वस्त्यांवरच्या लोकांनी या काळात जे केलं, ते नोंदवून ठेवायला हवं. चौथ्या-पाचव्या फेरीलाही कुणी म्हटलं नाही की परवाच बघून गेलात. बायका पाणी द्यायच्या, बसायला घोंगडी अंथरायच्या, दिवा छपरावरून काढून आणायच्या. आकडा थांबेपर्यंत तास-दीड तास लागायचा. तेवढा वेळ घरातलं एक माणूस काम सोडून त्यांच्याजवळ बसायचं. एका म्हाताऱ्याने मात्र विचारलं, "मुलाणी, कितींदा जेवू घालताल त्याला?" याकूबभाई म्हणाले, "आज पयल्यांदाच आलोय की." म्हातारा पॅनल काढून आणायला उठला.

ठकूबाईंच्या घरी ते या फेऱ्यांत जात नसत. तिथे दिवा नव्हता. त्यांच्या दारावरून जाताना याकूबभाई खाली बघून चालायचे. ते आठवत होतं तोवर असं चाललं.

पुढे तेही गेलं. आग गेली, राख गेली, दोन ठिपके गेले. राहिलं ते एवढंच, की आपला एक दिवा वाईट आहे, तो कुणाच्या तरी घरात आहे, आणि ऊन वाढतंय. भाभी सांगायच्या, जेवतानाही ते मधेच ताट सारून उठायचे. "कुणाच्या घरी हाय, हमीदा?" विचारायचे. भाभींनी एकदा खरं सांगितलं. त्यांना ते पहिल्यांदाच कळत होतं. दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मीटर पिशवीत घातलं आणि विचारलं, "कुणाच्या घरी हाय?" त्यानंतर भाभींनी खरं सांगितलं नाही.

आता ते घराबाहेर पडत नाहीत. वस्तीवरची शेवटची फेरी गेल्या फाल्गुनातली. ऊन चांगलं होतं. चढ चढताना ते तीनदा थांबले. वस्ती आली तसे ते माझ्या पुढे झाले आणि थेट ठकूबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

ठकूबाई ओट्यावर डाव्या हाताने तांदूळ निवडत होत्या.

"ठकूबाई, दिवा बघायचाय तुमचा," याकूबभाई म्हणाले. "काढा जरा."

मी बोलायला तोंड उघडलं. ठकूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी थांबलो. त्यांनी सूप बाजूला सारलं, उजवा हात पदराखाली घेतला आणि शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारली.

"सगुणे, आपला दिवा आन गं. मुलाणी आल्यात."

सगुणा दारात आली. क्षणभर उभी राहिली. मग घरात जाऊन स्वतःच्या छपरावरचं पॅनल आणि डबी घेऊन आली आणि ठकूबाईंच्या ओट्यावर ठेवली.

याकूबभाईंनी डबी उघडली. बोर्ड होता. त्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं. पॅनल उन्हात मांडलं, डबी ओट्याच्या सावलीत सरकवली, मीटरच्या तारा लावल्या आणि बसले. आम्ही तिघंही बसलो. मधूनमधून ते सेल गालाला लावत होते.

"हात का झाकलाय, ठकूबाई? थंडी वाजतीया?"

"व्हय," ठकूबाई म्हणाल्या. "जरा वाजतीया."

सवा तासाने आकडा थांबला. "वाचा, पेपरवाले," ते म्हणाले. मी वाचला, चार पॉइंट एक नऊ. त्यांनी मान डोलावली. तारा सोडवल्या, डबी बंद केली आणि दोन्ही हातांनी ठकूबाईंपुढे धरली. ठकूबाईंनी ती डाव्या हाताने घेतली.

"नीट हाय न्हवं आमचा?"

"नीट हाय. बिनघोर ऱ्हावा." याकूबभाईंनी मीटर पिशवीत ठेवलं, खांबाला धरून उठले आणि वरच्या घरांकडे पाहिलं.

"ह्यो न्हाई," ते म्हणाले. "दुसरा कुठला तरी हाय."